टाकलेल्या काड्यांचा ढीग

मी चाकू बोलतोय. कांदा चिरणारा नव्हे, आणि भांडणात बाहेर निघणारा तर मुळीच नव्हे. मी संत्र्याचे डोळे बांधणारा चाकू आहे. हिवाळ्यात कधी पांढुर्ण्याकडं आलात आणि तिगावच्या रस्त्यानं निघालात, तर नर्सरीच्या वाफ्यांमध्ये उकिडवी बसलेली माणसं दिसतील. त्यांच्या हातात माझेच भाऊबंद असतात. आज जे सांगायला बसलोय ते माझ्या कौतुकाचं नाही. चारशे झाडांचं पाप माझ्या पात्यावर आहे, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म सौंसरच्या एका लोहाराकडं झाला. करवतीचं तुटकं पातं होतं, त्यातून त्यानं मला घडवलं. मूठ बोरीच्या लाकडाची, आणि मुठीच्या मागच्या टोकाला साल उचलायला पितळेची चपटी जीभ. मला घडवून घेतलं ते बापूजींनी. बापूजी म्हणजे गुणवंताचे वडील. त्यांच्या हातून मी गुणवंताच्या हातात आलो, आणि माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं ते या गुणवंतापायी.

आधी आमचं काम समजून घ्या, नाहीतर माझी चूक तुम्हाला चूकच वाटायची नाही. आमच्याकडं संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत. आधी जंबेरीचं रोप वाढवायचं. त्याला आम्ही खुंट म्हणतो. मूळ दणकट, पण फळ आंबट ढोण. मग चांगल्या, फळावर आलेल्या संत्र्याच्या झाडाची काडी आणायची, तिच्यावरचा एक डोळा सालीसकट अलगद काढायचा, खुंटाच्या सालीला चीर पाडून त्यात बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. कापायचं काम एकाचं, बांधायचं दुसऱ्याचं. गुणवंता कापायचा आणि मागोमाग त्याची बायको जयश्री पट्टी बांधत यायची. वीस वर्षं त्यांचं असं चाललं. वाफ्यात बसल्यावर नवरा-बायकोत दिवसभरात दहा वाक्यंसुद्धा होत नसत, आणि भांडणही होत नसे.

सगळी मेख काडीत असते. बाहेरच्या फांदीची काडी गोल असते, तिचा डोळा घ्यायचा. पण झाडाच्या पोटातून सरळ वर धावणारे जाडजूड फुटवे असतात, त्यांना पानसोट म्हणतात. त्यांची काडी तिधारी. दिसायला मोठी गुटगुटीत. तिचा डोळा बांधला तर रोप असं जोमानं वाढतं की बघणाऱ्याची नजर लागावी. पण झाड काटेरी होतं आणि फळाचं नाव घेत नाही. चांगलं कलम पाचव्या वर्षी संत्री देतं, पानसोटाचं आठ-आठ, नऊ-नऊ वर्षं नुसतं मिरवत उभं राहतं. म्हणजे डोळा बांधणाऱ्याची चूक कळायला आठ वर्षं लागतात. तोवर कोण कुणाला धरणार?

म्हणून बापूजींनी पोराला एक विद्या दिली होती. दुपट्ट्यानं त्याचे डोळे बांधायचे, पुढ्यात काड्यांची जुडी टाकायची, आणि नुसत्या चिमटीत फिरवून गोल काड्या एकीकडं, तिधारी दुसरीकडं करायला लावायच्या. एक चुकली की सगळी जुडी पुन्हा. त्यातून गुणवंताची बोटं अशी तयार झाली की ओल्या गोणपाटातून काडी काढताना तो कधी तिच्याकडं बघत नसे. नजर खुंटावर, काडी चिमटीत. फिरवली, तिधारी लागली की न बघता डावीकडं फेकली. दुपारपर्यंत त्याच्या डाव्या बाजूला टाकलेल्या काड्यांचा मोठा ढीग व्हायचा. नवे मजूर लांबून तो ढीग दाखवायचे. काडी बघून घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

मग तो आजारी पडला. ऐन डोळे बांधायच्या हंगामाच्या तोंडावर पाठ धरली, ताप उतरेना, आणि नागपूरला जांच केली तेव्हा मणक्याचा टीबी निघाला. दीड वर्षाचं औषध. त्यातलं पहिलं वर्ष तर तो खाटेवरून अंगणात आणि अंगणातून खाटेवर, एवढाच फिरला. जयश्री नर्सरीत पट्ट्या बांधायला एकटी जायची. मी शिवणाच्या डब्यात, रिळांच्या सोबतीला. माझं काम एवढंच उरलं होतं, रोज सकाळी त्याच्या गोळ्यांची पाकिटं कापायची.

गोळ्यांनी आजार हटत चालला, पण बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या आणि पुढं मुंग्याही गेल्या, नुसता बधिरपणा उरला. चहाचा स्टीलचा ग्लास तो खालून धरायचा, इतका गरम की जयश्रीला पदराशिवाय धरवत नसे. तिनं एकदा विचारलं, तर म्हणाला, सवय झाली. डॉक्टरला त्यानं हे सांगितलंच नाही. सांगितलं तर आणखी सहा महिने घरी बसवतील ही भीती. येणारे-जाणारेही काय विचारायचे, तर तबियत कशी हाये? आणि हा म्हणायचा, एकदम फस्क्लास. बोटं कशी आहेत, असं कुणीच विचारलं नाही.

इकडं बोरगावचे रघुनाथराव त्याची वाट बघत थांबले होते. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. जुनी बाग वाळली, म्हणून साडेतीन एकरांत नव्यानं चारशे कलमं लावायची होती. नर्सरीचे मालक पुंडलिकराव त्यांना म्हणाले होते, दुसऱ्याच्या हातची घेऊन जा, तीही चांगली आहेत. रघुनाथराव कबूल झाले नाहीत. जुनी बाग बापूजींच्या हातची होती, नवी गुणवंताच्याच हातची पाहिजे, एक वर्ष थांबतो, म्हणाले. म्हातारा स्वतः पांढुर्ण्याला येऊन खाटेशेजारी बसून हे सांगून गेला. आजारी माणसाला याहून मोठं टॉनिक कोणतं? आणि याहून मोठं ओझं तरी कोणतं?

चौदाव्या महिन्यात, डिसेंबरात, गुणवंता कामावर आला. मला डब्यातून काढलं, गंज घासला, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, दगडावर धार लावली. वाफ्यात सगळ्यांनी त्याच्याभोवती गर्दी केली. पुंडलिकरावांनी चहा सांगितला. गुणवंता खाली बसला, पहिल्या खुंटाला चीर पाडली आणि त्याच वेळी मी त्याच्या अंगठ्यात शिरलो.

खोल नाही, पण शिरलो. आणि त्याला कळलंच नाही! तो आपला पुढच्या खुंटाकडं सरकला. मागून जयश्रीनं पट्टीवर रक्त पाहिलं. तिनं त्याचा हात ओढला आणि डोळ्यांना बांधायची तीच पट्टी त्याच्या अंगठ्याला बांधली. गुणवंता हसला, धार चांगली लागली म्हणाला. त्या घडीला मला सगळं समजलं. ज्याला माझं पातं कळत नाही, त्याला काडीची धार काय कळणार?

अंगठा भरेपर्यंत तो नुसता बसून राहिला आणि चौथ्या दिवशी रघुनाथरावांचा वाफा घेतला. काड्या नर्सरीतल्या हेमराजनं आणल्या होत्या. हेमराज भला माणूस, पण कामाला उतावळा. बाहेरच्या फांद्यांवर काट्याकुट्यांत हात घालण्यापेक्षा आतले सरळ लांब फुटवे कापले की जुडी लवकर भरते. असं तो नेहमीच थोडंफार करायचा, आणि कुणी काही म्हणत नसे, कारण टाकायच्या त्या गुणवंता टाकतोच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी तर त्यानं सगळ्याच जुड्या आतल्या फुटव्यांच्या भरल्या होत्या.

गुणवंतानं गोणपाटात हात घातला. नजर खुंटावर. काडी चिमटीत फिरवली आणि माझ्याखाली धरली. तिधारी! मी तिच्यात शिरताच ओळखलं. गोल काडीवर मी सरळ निसटतो, तिधारीवर कडेला अडखळतो आणि डोळ्याबरोबर लाकडाचा जाड तुकडा येतो. मी अडखळलो. त्यानं मूठ घट्ट धरून मला पुढं रेटलं. दुसरी काडी, तीही तशीच. दिवसभरात एकही काडी डावीकडं पडली नाही. मी बोथट झालो असतो, मुठीतून निसटलो असतो, पात्याचा एक तुकडा पाडून घेतला असता, तरी चाललं असतं. मी यातलं काही केलं नाही. उलट वर्षभर डब्यात पडल्यानंतर कापायला मिळालं म्हणून मी सुखात होतो. खोटं कशाला बोलू? चूक होतेय हे कळत असूनही मला बरं वाटत होतं.

दोन दिवसांत चारशे झाले, आणि पाठीला सोसेल एवढंच म्हणून त्या हंगामाचं त्याचं काम तेवढंच. गुणवंता शीळ घालत घरी गेला.

महिन्याभरात डोळे फुटले. चारशेतला एकही वाया गेला नाही! पुंडलिकराव वाफ्याच्या कडेला उभे राहून येईल-जाईल त्याला दाखवायचे. आजारातून उठून आला आणि पाहा हात कसा चालवला, म्हणायचे. रोपं शेजारच्या वाफ्यापेक्षा वीतभर उंच गेली. रघुनाथराव येऊन पाहून गेले, त्यांनी गुणवंताच्या पाठीवरून हात फिरवला. त्या पाठीला अजून आधाराचा पट्टा होता. गुणवंताचा चेहरा असा खुलला होता की मला त्याच्या खिशात बसवत नव्हतं.

जेठ महिना संपत आला होता. खुंटाला खालून येणारे जंबेरीचे फुटवे खुडायचं काम चाललं होतं. गुणवंता रोपांत हात घालून भराभर खुडत होता, जयश्री शेजारच्या ओळीत. एकदम तिनं हातातलं काम टाकलं आणि म्हणाली, "तुमच्या हातात काटा मोडला."

गुणवंतानं तळहात वर केला. करंगळीखाली काटा रुतलेला, बाजूनं रक्त सुकलेलं. कधीचा रुतला होता कोण जाणे. जयश्रीनं त्याच्या खिशातून मला काढलं आणि माझ्या टोकानं तो काटा उपसला. अंगठ्याच्या पेराएवढा होता. संत्र्याच्या कलमाला एवढा काटा नसतो. गुणवंता त्या काट्याकडं बघत राहिला, मग रोपांकडं बघितलं. मग खाली वाकून एकेका रोपाची काडी, आयुष्यात पहिल्यांदाच, डोळ्यांनी बघत वाफ्याच्या टोकापर्यंत गेला. परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"सगळे पानसोट हायेत," तो म्हणाला.

जयश्रीनं माझं टोक पदराला पुसलं. मग म्हणाली, "मले दिसलं होतं. त्या दिवशी तुमच्या डाव्या अंगाले टाकलेल्या काड्याचा ढीग नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदा नव्हता. म्या इचारलं नाही. तुमी शीळ घालून राहिले होते."

म्हणजे आम्ही दोघं होतो. मला वाटत होतं, गुन्हेगार मी एकटाच.

पुढचे अकरा दिवस गुणवंताचे कसे गेले ते मला विचारा, मी त्याच्या खिशात होतो. रात्रंदिवस एकच हिशेब. कोणाला कळणार आहे? आठ वर्षांत शंभर कारणं निघतात. जमीन चुनखडीची होती, पाणी कमी पडलं, रोग आला. रघुनाथरावांची तोवर सत्तरी सरून वर सात-आठ वर्षं झालेली असतील. असतील तर! इथंपर्यंत आला की तो खाटेवर उठून बसायचा. सांगितलं तर काम जाईल हेही दिसत होतं. टीबीतून उठलेल्या माणसाला पुंडलिकरावांनी परत घेतलं ते हाताच्या नावावर, आणि ते नावच बुडणार होतं. जयश्रीनं त्याला सांग असं म्हटलं नाही आणि नको सांगू असंही म्हटलं नाही. एक मात्र केलं. त्याला घेऊन नागपूरच्या डॉक्टरकडं गेली आणि त्याच्या देखत बोटांचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले. हे पहिल्या महिन्यात सांगायचं असतं, तेव्हाच जोडीला दुसरी गोळी दिली असती, म्हणाले. आता देतो, पण बोटं पूर्ण येतील याची हमी नाही.

बाराव्या दिवशी रघुनाथराव ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आले. ट्रॉलीत ओलं गवत अंथरलेलं, समोर नारळ आणि हार. पुंडलिकरावांनी वाफ्याकडं हात केला आणि गुणवंताला म्हणाले, चल, काढायला घे. गुणवंता हलला नाही. हारही घेतला नाही.

"रघुनाथराव, हे नेऊ नका," तो म्हणाला. "माह्या बोटाले समजत नाही आता. आजारानं गेलं. म्या ते कोणाले सांगतलं नाही आन् पानसोटाचे डोळे बांधले. चारशेच्या चारशे. नऊ वर्षं फळ नाही येणार यायले."

रघुनाथराव वाफ्यात गेले, एक रोप चिमटीत धरून बघितलं. त्यांच्या बोटांना कळत होतं. मग म्हणाले, "म्या एक वर्ष तुह्यासाठी थांबलो, गुणवंता. आता अजून थांबाले सांगून राहिला तू मले."

एवढंच. शिवी नाही, आरडाओरड नाही. शिवी दिली असती तर सगळ्यांना सोपं गेलं असतं. ट्रॉली रिकामी बोरगावला गेली. नारळ तिथंच बांधावर राहिला.

खुंट जिवंत होते, वरचं तेवढं छाटलं तर खालून नवा फुटवा येऊन हिवाळ्यात पुन्हा डोळा बांधता आला असता. हेमराज कात्री घेऊन आला. हेमराजचाही चेहरा उतरला होता. गुणवंतानं कात्री घेतली नाही. त्यानं मलाच काढलं आणि एकेक रोप डोळ्याच्या खालून कापलं. चारशे. ज्या जागी मी ती चूक बसवली होती, तिथूनच मी ती काढली. संध्याकाळपर्यंत माझी धार पार गेली, पण मी अडखळलो नाही. संध्याकाळी पुंडलिकराव म्हणाले, उद्यापासून तू पाण्यावर राहा. आवाज चढवून नाही, खाली बघून म्हणाले.

तेव्हापासून गुणवंता नळ्या ओढायचा, पाणी द्यायचा. मी पुन्हा रिळांच्या डब्यात. नव्या गोळीनं बोटांना थोडं थोडं कळायला लागलं, गरम-गार कळायला लागलं, पण गोल आणि तिधारी नाही. तो डोळे मिटून काडी चिमटीत फिरवायचा, मग डोळे उघडून बघायचा आणि ठेवून द्यायचा. एके दिवशी जयश्री शेजारी येऊन बसली आणि तीही डोळे मिटून काड्या वेगळ्या करायला लागली. गुणवंतानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तिचे डोळे बांधले. एक चुकली की सगळी जुडी पुन्हा. बापूजींसारखंच. दिवाळीपर्यंत तिची एकही चुकेना.

डिसेंबरात डोळे बांधायला लागले तेव्हा एका सकाळी बोरगावहून छोटा हत्ती टेम्पो आला. रघुनाथराव आले नव्हते. त्यांनी गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या पाठवल्या होत्या, त्यांच्या ओळखीतल्या एका जुन्या बागेतल्या, आणि जयश्रीच्या सरावाचं त्यांना सांगायला गेलेल्या हेमराजजवळ निरोप. हेमराजनं तो सगळ्यांसमोर सांगितला. "रघुनाथराव म्हणतात, हात गुणवंताचा आन् बोटं जयश्रीची. लागतात त्याच्या दुप्पट काड्या पाठवल्या हायेत. बिनधास्त टाका."

पुंडलिकरावांनी गुणवंताच्या हातातली पाण्याची नळी घेतली आणि स्वतः धरली. जयश्री घरी जाऊन मला घेऊन आली.

आता मी म्हातारा झालोय. घासून घासून पातं निम्मं उरलंय, पितळेची जीभ सैल झालीय. यापुढं किती हंगाम मिळतील ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला एक मागणं मागतो. तुमच्याकडं कुणी मोठ्या आजारातून उठून कामावर आलं, तर नुसतं तबियत कशी आहे विचारून चहा सांगू नका. हाताला काय जमतंय, काय जमत नाही, तेही विचारा. आणि तुम्हीच तसे परतला असाल, तर आम्हा मुक्या वस्तूंच्या भरवशावर राहू नका. आम्हाला कळतं, पण आम्ही सांगत नाही. माझ्या त्या चारशे खुंटांवर नव्या डोळ्याखाली जुना वण दिसतो. रघुनाथरावांचं गेलेलं वर्ष मी काही केलं तरी परत यायचं नाही.

त्या सकाळी जयश्री पुढं बसली होती. गोणपाटातून काडी काढायची, डोळे मिटून फिरवायची, आणि गोल असली तर गुणवंताच्या हातात द्यायची. तो ती बघायचा, मग माझ्याखाली धरायचा. बघून घ्यायची आता त्याला लाज वाटत नव्हती. पट्टी बांधायला मागं हेमराज होता. दुपारी जेवायला उठले तेव्हा गुणवंता डबा उघडायचा सोडून जयश्रीच्या डाव्या बाजूला बघत उभा राहिला. तिथं टाकलेल्या काड्यांचा ढीग होता, गुडघ्याएवढा.